शेवटच्या मोळीवरचा दिवा

माझी थोरली बहीण सलग दोन हंगाम एका सहकारी साखर कारखान्याचा मागचा दिवा होती. हे वाक्य मी पत्रकात लिहिलं तेव्हा आमच्या संघटनेच्या सचिवांनी त्यावर काट मारली. म्हणाले, अलंकार टाळा, मुद्द्यावर या. अलंकार कसला? मुद्दाच तो होता.

दाजी ट्रॅक्टर चालवायचे. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं इतक्या भरलेल्या की मागून पाहणाऱ्याला एखादं शेत रस्त्यानं चाललंय असं वाटावं. ट्रॉल्यांना मागं दिवा नव्हता. कधी काळी असेल, तर त्याची फक्त दोन भोकं उरली होती. म्हणून दिवस मावळायला लागला की अक्का मागच्या ट्रॉलीवर चढायची आणि उसाच्या शेवटच्या टोकाला, रस्त्याकडं तोंड करून, पाय खाली सोडून बसायची. हातात बॅटरी, बॅटरीच्या काचेवर लाल पिशवी रबरानं बांधलेली. मागून गाडी आली की ती बॅटरी हलवायची. उसाच्या फडापासून कारखान्याच्या गेटापर्यंत एवढंच काम. दिवसभर ऊस तोडून झाल्यावर बसून करायचं काम, म्हणजे आरामच म्हणायचा.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हंगामाच्या आधी टोळी जमवताना मुकादम विचारायचा, "ट्रॅक्टर कोण हाकणार?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "मागं कोण बसणार?" जसं डिझेल लागतं, तसं मागं बसायला बायको लागते.

पाऊस बरा असता तर ऊस जवळचाच असता आणि खेपा उजेडातच झाल्या असत्या. पण ती दोन्ही वर्षं कोरडी गेली. जवळपासचा ऊस जनावरांच्या पोटात गेला, उरलेला वाळला. कारखान्यानं ठरवलं की कालव्याच्या पट्ट्यातून ऊस आणायचा. निर्णय संचालकांनी घेतला, अंतर अक्कानं मोजलं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी शेवटी एका जीपवाल्यानं इतका उशिरा ब्रेक मारला की जीपचं नाक उसाखाली घुसलं आणि मागं लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, काच फोडली. कुणाला लागलं नाही. हा किस्सा अक्का घरी येऊन हसत सांगत होती.

"पाय वर घेतले म्हणून वाचले. एक चप्पल तेवढी जीपवाल्यानं नेली."

"नेली म्हणजे?"

"बोनेटवर पडली अन् गेली. दुसरी आणलीय, बघ. एका पायाची."

आई हसली नाही. मीही नाही. पुढच्या हंगामाच्या आत अक्काला त्या ढिगावरून खाली उतरवायचं, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. बाकी क्रांती वगैरे नंतर बघू.

मी अंबाजोगाईला शिकलो. तिथं विद्यार्थी संघटनेत मला तीन गोष्टी यायला लागल्या होत्या: निवेदन, इशारा आणि जाहीर निषेध. निवेदन गुडघ्यावर कागद ठेवून लिहिता येतं, इशाऱ्याला टेबल लागतं, निषेधाला लाऊडस्पीकर. मी निवेदनापासून सुरुवात केली. कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे कारखाने स्वतःला दिवेवाले समजायला लागतील. कारखान्यानं कळवलं की ट्रॉली वाहनमालकाची आहे. वाहनमालक म्हणाला, त्यातला ऊस कारखान्याचा आहे. म्हणजे मधला अंधार तेवढा बेवारस.

शेवटी कारखान्याच्या कार्यालयातल्या एका कारकुनानं, चष्मा पुसत पुसत, मला मार्ग दाखवला. "विषय तांत्रिक आहे तुमचा. तांत्रिक विषयाला नुसता कागद चालत नसतो. नकाशा जोडा, नाहीतर मॉडेल आणा."

त्याला मला कटवायचं होतं. मी मॉडेल आणायला निघालो.

अंबाजोगाईत मेडिकलच्या होस्टेलजवळ एक रद्दीवाला बसतो. डॉक्टर होऊन पोरं निघून जातात तेव्हा त्यांची पुस्तकं, स्टोव्ह, गाद्या सगळं त्याच्याकडं येतं. त्यात मला एक रिमोटचा ट्रक सापडला. बाजारातलं चोवीस तास ट्यँट्यँ करणारं खेळणं नव्हे. खऱ्या ट्रकचं मोजून मापून लहान केलेलं रूप, आरसे, पायऱ्या, मागचा हूक सगळं जागच्या जागी. हूक पाहून मी हरखलो. ट्रॉली जोडता येणार होती. फक्त दिवे नव्हते. दिव्यांच्या जागी रंगवलेले ठिपके होते. आपल्याकडच्या खऱ्या गाड्यांशी हुबेहूब साम्य म्हणतात ते हेच.

दिवे मला फुकट मिळाले. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची एलईडीची माळ अर्धी बंद पडली होती. त्या वर्षी विसर्जनाला नदीत पाणी नव्हतं, गणपती टाकीत बुडवला, आणि माळ उकिरड्यावर टाकली. चालू अर्ध्यातले लाल आणि पांढरे दिवे मी कापून घेतले. पहिला दिवा ट्रकच्या बॅटरीला थेट टेकवला. क्षणभर असा लख्ख पेटला की सत्ता आल्यासारखं वाटलं. मग फट् झालं आणि दिव्याच्या पोटात काळा ठिपका उरला.

बसस्टँडजवळ एक मोबाइल दुरुस्तीवाला होता, माझ्याहून थोडा मोठा. त्याच्याकडं गेलो.

"जाळलास ना?" त्यानं दिवा उजेडात धरला. "कावून डायरेक्ट लावला बे?"

"बॅटरी आहे, दिवा आहे. मधे आणखी काय पाहिजे?"

"रेझिस्टर पाहिजे. दिव्याला लागतंय तेवढंच जाऊ द्यायचं, बाकीचं मधीच अडवायचं."

"म्हणजे संचालक मंडळ."

"न्हाई. रेझिस्टर स्वतः तापतो." आणि त्यानं तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवला.

पुढचे आठ दिवस मी त्याच्या काउंटरच्या कोपऱ्यात बसून शिकलो. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूला. उलटा लावला तर तो जळत नाही, रुसून बसतो. प्रत्येक दिव्याला आपला आपला रेझिस्टर. ट्रकच्याच बॅटरीवर दिवे घेतले तेव्हा मोटारनं जोर केला की दिवे मान टाकायचे; म्हणून दिव्यांसाठी दोन पेन्सिल सेलचा वेगळा डबा ट्रॉलीच्या पोटाखाली चिकटवला आणि बटण बाजूला काढलं. केबिनमध्ये पांढरे दिवे बसवले तर अख्खी केबिनच कंदिलासारखी पेटली, कारण प्लॅस्टिक पातळ. दुरुस्तीवाला म्हणाला, आतून काळा रंग मार. मारला. मग उजेड नीट फक्त पुढच्या काचांतून यायला लागला. बाजूच्या बारीक दिव्यांना बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे तुकडे बसवले. ट्रॉली सनबोर्डची केली, मागच्या फळीखाली दोन लाल दिवे.

दुरुस्तीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "तुझ्या बहिणीला उतरव म्हंजे झालं."

मॉडेल कारखान्याच्या वार्षिक सभेत मांडायचं मी ठरवलं. सभेच्या आठवडाभर आधी अक्का माहेरी आली. दिवेलागणीच्या वेळेला मी अंगणात ट्रक मांडला आणि रिमोटनं तिच्या पायापर्यंत चालवत नेला. पुढं पांढरे, बाजूला पिवळट, मागं लाल. आई बाहेर येऊन बघत राहिली. अक्कानं वाकून मागून पुढून पाहिलं.

"लई भारी दिसतंय," ती म्हणाली. "ऊस कुठं हाय?"

"ऊस कशाला? प्रश्न दिव्याचा आहे."

ती सरळ झाली. गोठ्यापाशी गेली, कडब्याच्या चार पेंढ्यांतून ताटं ओढली, गुडघ्यावर मोडून एका मापाची केली आणि माझ्या ट्रॉलीत भरायला बसली. तिची भरण्याची पद्धत खरी होती. खाली बुडखे, वर शेंडे, फळीच्या वर दुप्पट उंच, आणि मागं वाढे चांगले वीतभर लोंबलेले. मग उठून ट्रॉलीच्या मागं उभी राहिली.

"चालू कर दिवे."

"चालूच आहेत."

"मग कावून दिसंनात?"

आई हसायला लागली. मी वाकून पाहिलं. कडब्याच्या आत कुठंतरी लालसर उजेड होता, एखाद्या लाजऱ्या माणसासारखा. माझी आजवरची सगळी निवेदनं, इशारे, निषेध रिकाम्या ट्रॉलीवर लिहिलेले होते. दोन वर्षं मी ऊसतोड कामगारांवर बोलत होतो, आणि माझ्या डोक्यातल्या ट्रॉलीत ऊसच नव्हता.

"दिवा ट्रॉलीला लावू नगं," अक्का म्हणाली. "शेवटच्या मोळीला लाव. मी कुठं बसते? ट्रॉलीवर बसते व्हय? मोळीवर बसते. तिथंच दिवा पाहिजे. भरून झालं की खुपसायचा, खाली करायच्या आधी काढायचा."

"वायर?"

"मोकळी सोड. लांब."

मी लांब वायर घेतली, एका टोकाला दोन लाल दिवे कपडे वाळत घालायच्या चिमट्याला बांधले, दुसऱ्या टोकाला जुन्या चार्जरची पिन. चिमटा शेवटच्या ताटाला लावला, पिन खोचली. अक्का अंगणाच्या पार टोकाला, फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून म्हणाली, "आता दिसतंय."

सभा कारखान्याच्या आवारात मंडप टाकून होती. आमच्या गावाला जो टँकर वाट बघायला लावायचा, तो त्या दिवशी वेळेआधी तिथं हजर होता. पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून स्टेजसमोरची जमीन शिंपत होता. वडिलांचा एक शेअर आहे, त्यांचं पत्र घेऊन मी सभासदांत बसलो, मांडीवर ट्रक. विषय वाचले जात होते आणि मागून "मंजूर, मंजूर" येत होतं. अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, एक विषय तर वाचून पुरा व्हायच्या आत मंजूर झाला. आयत्या वेळच्या विषयांना मी उठलो आणि थेट स्टेजवर चढलो.

इथं माझी चूक झाली, आणि ती आमच्याच जिल्ह्यात होऊ शकते. आमच्याकडं हातात काही घेऊन स्टेजवर चढणारा माणूस सत्कार करायला चढतो किंवा करून घ्यायला. तिसरं कारण निवेदकाच्या कागदावर नसतं. मी माइकपर्यंत पोचायच्या आत निवेदकानं सांगून टाकलं, "एका होतकरू तरुणानं चेअरमनसाहेबांसाठी स्वतःच्या हातांनी बनवलेली भेट घेऊन..." टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणालो, "भेट नाही, मागणी आहे." हे वाक्य टाळ्यांत गेलं. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. नारळ हातात असताना माणसाला बोट दाखवून बोलता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. कदाचित त्यासाठीच देत असावेत.

तरी मी ट्रक टेबलावर ठेवला, दिवे लावले आणि नारळ काखेत धरून बोललो. ट्रॉल्यांना दिवे नाहीत. बायका ढिगावर बसतात. खर्च अगदी कमी आहे. दिवा शेवटच्या मोळीवर हवा, हे बघा असा. चेअरमनसाहेब ऐकत होते, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते रिमोटकडं बघत होते.

"हे कसं चालतं?"

मी रिमोट दिला. साहेबांनी ट्रक टेबलावरून स्टेजवर उतरवायला लावला, पुढं नेला, मागं आणला, समईला धडकवला, पुन्हा मागं घेतला. चेहरा खुलला. मग माइक ओढून म्हणाले, "आपल्या सगळ्या वाहनांना या मॉडेलप्रमाणं दिवे लागले पाहिजेत. ठराव घ्या."

"मंजूर," मंडप म्हणाला.

मी खाली उतरलो तो तरंगतच. घरी जाताना बसमध्ये पत्रकाचा मथळा जुळवला: एकजुटीचा विजय. एकजूट म्हणजे मी, दुरुस्तीवाला आणि कडबा भरणारी माझी बहीण, पण पत्रकात आकडा द्यायची पद्धत नाही.

पंधरा दिवसांनी कारखान्यावर गेलो. ट्रक चेअरमनसाहेबांच्या दालनात, ढालींच्या आणि करंडकांच्या मधे, काचेच्या कपाटात होता. पुसून लखलखीत केलेला. दिवे चालू, सेल संपतात म्हणून त्यांनी वीज थेट कपाटात नेली होती. पण ट्रॉली रिकामी होती.

"कडबा?" मी चष्मेवाल्या कारकुनाला विचारलं.

"कचरा पडत होता."

"आणि वायर? चिमटा?"

"ते लोंबकळत होतं. साहेबांकडं मोठी माणसं येतात. बरं दिसत नाही." मग तो जवळ आला आणि अभिमानानं म्हणाला, "इंजिनिअरसाहेब येऊन टेप लावून माप घेऊन गेलेत. मॉडेलप्रमाणं म्हणजे मॉडेलप्रमाणं."

आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी शब्द पाळला. ठराव झाला आणि काम झालं, असं आमच्या भागात मी पहिल्यांदाच पाहिलं. एकूण एक ट्रॉलीच्या मागच्या फळीखाली दोन दोन लाल दिवे बसले. चांगले, टिकाऊ, पाणी न जाणारे. त्या दुष्काळात पाणी जाण्याची भीती कुणाला होती कोण जाणे. रिकाम्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या करून, सगळे दिवे पेटवून फोटो काढला गेला. हंगामाच्या मुहूर्ताची पहिली मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात तो फोटो मोठा करून लावला होता.

हंगाम सुरू झाला. चार दिवसांनी अक्काचा फोन आला.

"दिवे लागले का?" मी विचारलं.

"लागले की. लई चांगले हायेत. आतून ऊस लाल दिसतोय."

"आणि तू?"

"मी कुठं जाणार? वर हाय."

मी संघटनेत गेलो नाही, गुडघ्यावर कागद घेतला नाही. बसस्टँडवर गेलो. दुरुस्तीवाल्याला सगळं सांगितलं. तो तोंडातली सुपारी थुंकून म्हणाला, "माप घेतलं म्हंतोस, अन् मालच काढून टाकला?" मग आम्ही खरा दिवा केला. ट्रॅक्टरच्या बॅटरीला चालेल असा, रेझिस्टर त्या हिशोबाचा. लाल एलईडीची पट्टी लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बसवली, वरून पारदर्शक डबीचं बूड चिकटवलं, मागं कोयत्याच्या मोडक्या पात्याचा आकडा, उसात खुपसायला. वायर दोन्ही ट्रॉल्यांच्या लांबीपेक्षा जास्त.

तेलगावच्या पुढं एका फडावर टोळी होती. मी दुपारी पोचलो. भरणं होईपर्यंत बसलो. शेवटची मोळी दाजींनी वर फेकली, अक्कानं तिच्यात आकडा खुपसला, वायर बाजूनं आणून बॅटरीला जोडली आणि सवयीनं वर चढायला लागली. एक पाय चाकावर ठेवला आणि थांबली.

"मग मी बसू कुठं?" तिनं विचारलं.

याचं उत्तर माझ्या कुठल्याच निवेदनात नव्हतं. दाजींनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हात आपटला. "हितं ये."

ती त्यांच्या शेजारी बसली. मी दुसऱ्या मडगार्डवर. सूर्य बुडाला तसा दिवा उठून दिसायला लागला. वळणावर मान वळवली की ढिगाच्या टोकाला लाल गोळा दिसायचा. मागून येणाऱ्या गाड्या लांबूनच हळू होत होत्या. अक्का सारखी मागं बघत होती आणि बोलत होती. जावेबद्दल, पाण्याबद्दल, मुकादमाच्या नव्या गाडीबद्दल.

"मागं होती तवा बरं होतं," दाजी मला म्हणाले. "दोन हंगाम कान शांत होते."

"मग तुमी जावा मागं," अक्का म्हणाली. "ट्रॅक्टर हा चालवंल."

"त्याला पत्रक चालवता येतंय. ट्रॅक्टर न्हाई."

गेटावर वॉचमननं काठी आडवी धरली. त्यानं दिवा पाहिला, खिशातून घडी केलेला कागद काढला, बोट ठेवून वाचला.

"हे मॉडेलमधी न्हाई. मॉडेलच्या बाहेरचं काही लावलं असंल तर गाडी वजनकाट्यावर घ्यायची न्हाई. लेखी हाय."

मी खाली उडी मारली. "ते मॉडेल मी केलंय. माझं मॉडेल आहे ते. त्यात हा दिवा होता, तुमच्या साहेबांनी..."

"तुमचं असंल. सही साहेबाची हाय."

मी जाहीर निषेधाच्या पहिल्या वाक्यापर्यंत आलो होतो. तेवढ्यात अक्का खाली उतरली, ढिगावर चढली, आकडा उपसला, वायर कोपरावर गुंडाळली आणि दिवा वॉचमनच्या खुर्चीवर ठेवला.

"हं. घे आता."

वॉचमननं काठी उचलली. गाडी आत गेली. मी फणफणत तिच्या मागं गेलो. म्हणालो, हे मी सोडणार नाही, उद्याच पत्रक काढतो, फोटोसकट.

"काढू नगं," अक्का म्हणाली. "गेटाच्या आत मागून कोण धडकतंय मला? रस्त्यावर दिवा हाय तेवढं बास हाय. तू लिहिलंस तर ते हेबी नेऊन काचेत ठेवतील."

मी पत्रक काढलं नाही. संघटनेच्या इतिहासात माझ्या नावावर एवढीच शिस्तभंगाची नोंद आहे.

पंधरवड्यानं पुन्हा गेलो तेव्हा टोळीतल्या सगळ्या ट्रॅक्टरांना आकड्याचे दिवे होते. बरण्यांची झाकणं कमी पडली म्हणून कुणी पावडरच्या डब्यांची वापरली होती. ढिगावर कुणी बसलेलं नव्हतं. गेटापाशी मात्र रांग थांबत होती. प्रत्येक बाई उतरायची, दिवा काढायची, आत जायची. पहिल्या आठवड्यात सगळे दिवे वॉचमनच्या खुर्चीवर साठायचे आणि त्याला बसायला जागा राहायची नाही. त्यानं वर काही कळवलं नाही. कळवलं असतं तर समिती नेमली गेली असती. त्यानं गेटाच्या भिंतीत ओळीनं खिळे ठोकले. येताना दिवा खिळ्याला, रिकामी गाडी बाहेर पडताना दिवा हातात.

दिवे सगळे सारखेच, म्हणून अदलाबदल व्हायची, भांडणं व्हायची. मग जिनं तिनं आपल्या वायरीला खूण बांधली. कुणी बांगडी, कुणी चिंधी. अक्काचा दिवा मला लांबूनच ओळखू आला. जीपवाल्यानं मागं ठेवलेल्या त्या एका चपलेचा पट्टा तिनं वायरीला गाठ मारून बांधला होता.